बाहेरच्या सर्व्हिसचा भरवसा नसताना एंड-टू-एंड टेस्ट कशा सांभाळायच्या: नवीन आलेल्यांसाठी, सोलापूरहून

सोलापुरात राहून टेस्टिंगचं काम करणारी पोरं-पोरी आता भेटतात, कुणी कॉलेज संपवून थेट आलेलं असतं, कुणी पुण्यात काही वर्षं काढून घरून काम करायला परत आलेलं. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "दादा, माझ्या मशीनवर पास होतंय की, सीआयवर फेल, परत रन केलं की पास, मग बग आहे का नाही?" (सीआय म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा.) याचं उत्तर बऱ्याचदा असं निघतं की तुमची टेस्ट अशा कशावर तरी उभी आहे जे तुमच्या हातात नाही. एंड-टू-एंड टेस्ट, म्हणजे वापरणाऱ्यासारखं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं चालवून बघणारी टेस्ट, अशा वेळी कशी सांभाळायची ते पायरी-पायरीने सांगतो.

उदाहरणाला चादर-टॉवेलच्या होलसेल ऑर्डरची साइट घेऊ, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदाराला लागते तशी. दुकानदार मोबाईल नंबर टाकतो, ओटीपी येतो, जीएसटी नंबर टाकला की फर्मचं नाव दिसतं, मग माल निवडायचा, पिनकोड टाकला की कुरिअर किती दिवसात पोचवणार ते कळतं, यूपीआयने ॲडव्हान्स भरायचा आणि बिल ईमेलवर. म्हणजे एका ऑर्डरमध्ये बाहेरच्या पाच सर्व्हिस झाल्या: एसएमएस, जीएसटी, कुरिअर, पेमेंट, ईमेल.

आता हिशोब करा. समजा यातली प्रत्येक सर्व्हिस १०० पैकी ९९ वेळा नीट चालते, ऐकायला भारी वाटतं. पण एका टेस्टमध्ये पाच कॉल आणि अशा ४० टेस्ट म्हणजे २०० कॉल झाले, आणि प्रत्येक कॉल सुटा धरला तर सगळेच्या सगळे नीट जायची शक्यता उरते साधारण १३ टक्के. तुमच्या कोडमध्ये एकही चूक नसताना १०० पैकी ८६-८७ वेळा बिल्ड (सीआयवरची एक पूर्ण फेरी) लाल, म्हणजे फेल! लाइट गेली आणि माग थांबला म्हणून चादरीची वीण खराब आहे असं कुणी म्हणत नाही, पण आपला टेस्ट रिपोर्ट नेमकं तेच म्हणत असतो आणि मग हळूहळू टीम त्या रिपोर्टकडे बघायचंच सोडून देते, हे सगळ्यात वाईट. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते, त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा, म्हणजे कोड न बदलता कधी पास कधी फेल होणं, होता. सगळं बाहेरच्या सर्व्हिसमुळे नाही, कारणं बरीच असतात, पण एवढ्या मोठ्या कंपनीला जे होतं ते आपल्याला होणारच, त्यामुळे घाबरायचं नाही, नीट बसून सोडवायचं.

पहिलं काम: यादी काढा, पण अंदाजाने नको

टीमला विचारलं की "बाहेरचं काय काय वापरतो आपण" तर तीन नावं येतात, प्रत्यक्षात दहा असतात. खात्रीचा मार्ग म्हणजे नेट काढून टेस्ट चालवायच्या. डॉकर कंपोजमध्ये (ॲपचे भाग कंटेनर नावाच्या सुट्या डब्यांत एकत्र चालवणारं टूल) नेटवर्कला "इंटर्नल" हे सेटिंग ट्रू करता येतं, मग आतले कंटेनर एकमेकांशी बोलतात पण बाहेर कुणीच जाऊ शकत नाही. इमेज (ज्यावरून कंटेनर तयार होतो त्या फाइल) आधी डाउनलोड करून ठेवा, ब्राउझरसुद्धा त्याच नेटवर्कमधल्या कंटेनरमध्ये चालवा आणि सगळ्या टेस्ट सोडा. जे जे मोडेल ती तुमची खरी यादी.

तिथे पाच सर्व्हिस तर निघतीलच, पण गूगल फॉन्ट, ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट, कोपऱ्यातलं चॅटचं बटण, नकाशा, कुठल्यातरी सीडीएनवरून (फाइल पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून) येणारी जुनी जेक्वेरी लायब्ररी असलंही निघेल. हे छोटं वाटतं पण प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवणारं टेस्टचं टूल) पेज उघडताना डिफॉल्टने लोड इव्हेंटपर्यंत, म्हणजे पानावरचं सगळं येईपर्यंत, थांबतं, आणि ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट अडकली तर लोड लांबतो आणि तुमची लॉगिनची टेस्ट टाइमआउटने (थांबायची मर्यादा संपून) मरते, जिचा ॲनालिटिक्सशी काही संबंध नाही.

यादीतल्या प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा. कॉल कोण करतं, ब्राउझर का आपला सर्व्हर? परत परत कॉल केला तर काही नुकसान आहे का, म्हणजे पैसे कटतात, खऱ्या माणसाला मेसेज जातो असं काही? उत्तर कशामुळे बदलू शकतं? आणि ती सर्व्हिस बंद असेल तर दुकानदाराला स्क्रीनवर काय दिसायला पाहिजे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसतं, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे. कुरिअरची सर्व्हिस बंद आहे म्हणून ऑर्डर अडवायची, का ऑर्डर घ्यायची आणि "डिलिव्हरीची तारीख फोनवर कळवू" असं दाखवायचं? हे डेव्हलपरने ठरवायचं नाही, टेस्टरने तर नाहीच, हे धंद्याच्या मालकाने ठरवायचं. पण त्यांच्यापर्यंत प्रश्न न्यायचं काम तुमचं. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत ऑर्डर अडली तर ते नुकसान त्यांचंच असतं, त्यामुळे नीट विचारलं तर नीट उत्तर मिळतं. ते लिहून घ्या, कारण पुढे त्याच्याच टेस्ट होणार आहेत.

काय मॉक करायचं नाही

मॉक म्हणजे खऱ्या सर्व्हिसच्या जागी ठरलेलं उत्तर देणारी नकली सर्व्हिस. आपला डेटाबेस, आपला बॅकएंड (सर्व्हरवरचं कोड), आपली क्यू (कामांची रांग), आपलं कॅशे यातलं काही मॉक करायचं नाही. ते सगळं खरं चालवायचं, कंटेनरमध्ये का असेना. नवीन माणसाला मॉकिंग जमायला लागलं की तो आपलाच एपीआय पण मॉक करायला लागतो कारण टेस्ट पटकन हिरवी होते, पण मग ती एंड-टू-एंड राहतच नाही, तुम्ही लिहिलेलं उत्तर तुम्हीच परत वाचताय एवढंच. रेघ कुठे मारायची तर आपलं कोड संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे, नेटवर्कच्या वायरवर. आपल्या कोडच्या आत "टेस्ट मोड असेल तर पेमेंट पास कर" असली अट घालू नका, एक तर खरं कोड टेस्टच होत नाही आणि दुसरं म्हणजे ती अट चुकून लाइव्हवर चालू राहिली तर फुकट माल जाईल.

ब्राउझरमधून जाणारे कॉल

हे सोपं आहे. प्लेराइटमध्ये राउट, सायप्रसमध्ये (तसलंच दुसरं टूल) इंटरसेप्ट. पत्ता जुळला की खऱ्या सर्व्हरकडे न जाता आपण दिलेलं उत्तर परत जातं. मी आधी एक सरसकट नियम लावतो की आपल्या डोमेनशिवाय बाकी सगळं ॲबॉर्ट (रिक्वेस्ट मधेच तोडायची), आणि मग जे खरंच लागतं त्यालाच उत्तर देतो. प्लेराइटमध्ये नंतर लावलेला राउट आधी तपासला जातो, म्हणून सरसकट नियम पहिला लिहायचा आणि खास नियम त्याच्यानंतर. हे उलटं झालं की खास नियम कधी चालतच नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

अजून दोन ठिकाणी लोक अडकतात. पेमेंटचं पान नवीन पॉपअपमध्ये उघडत असेल तर पेजवर लावलेला राउट त्या पॉपअपची पहिली रिक्वेस्ट पकडत नाही, तो ब्राउझर कॉन्टेक्स्टवर (टेस्टमधल्या सगळ्या पेजना धरणाऱ्या सेशनवर) लावावा लागतो. आणि साइटला सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी, रिक्वेस्ट स्वतः हाताळणारी स्क्रिप्ट) असेल तर त्याने हाताळलेल्या रिक्वेस्ट राउटला दिसत नाहीत, तेव्हा टेस्टच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हिस वर्कर ब्लॉक करायचे.

कॅप्चा असेल तर तो फोडायच्या नादी लागू नका, कॅप्चा देणाऱ्या सर्व्हिसने टेस्टसाठीच्या की (चाव्या) दिल्या असतील तर त्या टेस्टच्या वातावरणात वापरा.

सर्व्हरमधून जाणारे कॉल: इथे खरी अडचण आहे

राउट आणि इंटरसेप्ट फक्त ब्राउझरमधून निघालेली रिक्वेस्ट पकडतात. जीएसटीची तपासणी, एसएमएस, पेमेंट ऑर्डर तयार करणं हे सगळं आपला बॅकएंड करतो, ते ब्राउझरला कळतच नाही. "मी तर मॉक लावलाय, तरी खरा एसएमएस कसा गेला" हे नव्या माणसाकडून हमखास ऐकू येतं, कारण हेच.

इथे मॉक सर्व्हर पाहिजे. मी वायरमॉक सुचवतो, ओपन सोर्स आहे, डॉकर इमेज तयार मिळते, आणि कुठल्या रिक्वेस्टला काय उत्तर हे जेसन फाइलमध्ये (माहिती लिहायचा ठरलेला साधा फॉरमॅट) लिहायचं. तुमची टीम दुसरं काही वापरत असेल तर तेही चालेल, विचार तोच. बॅकएंडमध्ये प्रत्येक बाहेरच्या सर्व्हिसचा बेस पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) आला पाहिजे, कोडमध्ये पक्का लिहिलेला नको. लाइव्हवर तो खऱ्या कुरिअरचा असतो, टेस्टमध्ये वायरमॉकचा. तेवढा एक बदल डेव्हलपरकडून करून घ्या, बाकी कोड जसंच्या तसं चालतं, आणि हाच या पद्धतीचा फायदा.

मग प्रश्न येतो की कुठल्या टेस्टला कुठलं उत्तर द्यायचं, कारण टेस्ट एकाच वेळी दहा चालतात आणि एकीने मॉकचं उत्तर बदललं की दुसरी मोडते. यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे उत्तर डेटावरून ठरवायचं. कुरिअरच्या मॉकमध्ये लिहून ठेवा की पिनकोड ४१३००१ म्हणजे सोलापूर आला तर दोन दिवसात डिलिव्हरी, ४१३३०४ म्हणजे पंढरपूर आला तर ५०३ (सर्व्हिस सध्या बंद), आणि ४१३२१६ म्हणजे अक्कलकोट आला तर उत्तर बरोबर पण उशिरा. कुठली टेस्ट कधी चालली याने मग काही फरक पडत नाही, चालू असताना मॉकला हात लावायची गरजच नाही. फक्त हा तक्ता रीडमीमध्ये लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी आलेला माणूस विचारत बसेल की पंढरपूरचीच ऑर्डर का जात नाही.

मॉककडून अजून एक काम करून घ्यायचं जे बरेच जण विसरतात. आपण बाहेर काय पाठवतोय ते तपासायचं. दोन-तीन उदाहरणं देतो म्हणजे कळेल का म्हणतोय ते.

रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणारी सर्व्हिस) रक्कम पैशात द्यावी लागते, ५०० रुपये म्हणजे ५००००. कोणी चुकून ५०० पाठवलं तर गेटवे आनंदाने पाच रुपयांची ऑर्डर तयार करेल, एरर वगैरे काही नाही. मॉकमध्ये रक्कम जुळली तरच उत्तर द्यायचं असं ठेवलं की ही चूक टेस्टमध्येच पकडली जाते.

एसएमएसचं तसंच. भारतात ओटीपीचा मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची एसएमएस नोंदणीची यंत्रणा) टेम्प्लेट म्हणून आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर मेसेज अडतो. कोणीतरी "आपला ओटीपी" चं "तुमचा ओटीपी" केलं, कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना चांगलं वाटलं, आणि लाइव्हवर एकालाही ओटीपी जात नाही. मंजूर टेम्प्लेट मॉकमध्ये पॅटर्न म्हणून टाका आणि न जुळणारी रिक्वेस्ट नाकारा.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि शेवटचं अक्षर चेक डिजिट, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून गणिताने निघणारं. टेस्टसाठी कुठल्या तरी खऱ्या फर्मचा नंबर उचलू नका, चेक डिजिटचं गणित करून बनावट नंबर तयार करणारं छोटं फंक्शन लिहा, आपल्या फॉर्मचं व्हॅलिडेशनही त्यात तपासून होतं.

आणि मॉकला न ओळखलेली रिक्वेस्ट आली तर टेस्ट फेल झालीच पाहिजे. वायरमॉक अशा रिक्वेस्टला ४०४ (सापडलं नाही) देतं आणि न जुळलेल्यांची यादी ठेवतं, टेस्ट संपल्यावर ती यादी रिकामी आहे का ते बघायचं. कारण आपलं ॲप तो ४०४ गिळून पुढे जाऊ शकतं आणि टेस्ट उगाच हिरवी राहते.

ईमेलसाठी वेगळं डोकं लावायची गरज नाही. मेलपिट (टेस्टमधले मेल अडवून दाखवणारं टूल) चालवा, मेल पाठवायचं एसएमटीपी १०२५ पोर्टवर, आलेले मेल ८०२५ वर दिसतात आणि एपीआयने वाचताही येतात. बिल आलं का, रक्कम बरोबर आहे का, पीडीएफ जोडलीय का हे तिथून तपासायचं. जीमेलमध्ये लॉगिन करून मेल वाचणारी टेस्ट कुणी लिहिली असेल तर ती आजच बदला.

पेमेंट

यावर जरा थांबतो कारण पैशाचा विषय आहे.

गेटवे टेस्ट मोड देतात, रेझरपेमध्ये तर यूपीआय यशस्वी आणि अयशस्वी दाखवायला खास टेस्ट आयडी पण आहेत, खरे पैसे हलत नाहीत. मग सगळ्या टेस्ट त्याच्यावरच का चालवू नयेत? कारण तोसुद्धा नेटच्या पलीकडचाच सर्व्हर आहे, त्यांचं पान ते कधीही बदलणार, बटणाचं नाव बदललं की तुमची टेस्ट मोडली. टेस्ट मोडचा उपयोग रोज एकदोनदा चालणाऱ्या मोजक्या तपासणीसाठी करा, ते खाली सांगतो. प्रत्येक बिल्डला चालणाऱ्या ४० टेस्टसाठी मॉकच.

मॉक करताना लोक "पेमेंट झालं" एवढंच करतात आणि वेबहुक (काही घडलं की समोरचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवतो ती रिक्वेस्ट) विसरतात. खऱ्या आयुष्यात दोन वाटांनी बातमी येते: ब्राउझर परत आपल्या साइटवर येतो ती एक, आणि गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला वेबहुक पाठवतो ती दुसरी. दुसरी जास्त भरवशाची, कारण दुकानदाराने पैसे भरून लगेच फोन खिशात टाकला किंवा नेट गेलं तर पहिली येतच नाही. सीआयच्या मशीनवर बाहेरून वेबहुक पोचत नाही, त्यासाठी टनेल (बाहेरून आत यायची वाट देणारी सर्व्हिस) लावायचा म्हणजे अजून एक बाहेरची सर्व्हिस वाढवली. त्यापेक्षा टेस्टनेच वेबहुक पाठवायचा, टेस्टसाठीची सीक्रेट (गुप्त की) वापरून सही करून. रेझरपेची सही म्हणजे रिक्वेस्टच्या मूळ बॉडीवर शा-२५६ चं एचमॅक (बॉडी आणि सीक्रेट मिळून गणिताने काढलेला कोड), चार ओळींचं काम आहे. सही तपासणारं कोड टेस्टमध्ये बंद करू नका, तेच तर तपासायचंय.

मग या टेस्ट लिहा. वेबहुक आला पण ब्राउझर परत आला नाही, ऑर्डर पक्की झाली पाहिजे. ब्राउझर आला पण वेबहुकला उशीर, "पेमेंट तपासतोय" दिसलं पाहिजे, "फेल" नाही. एकच वेबहुक दोनदा आला, ऑर्डर एकच राहिली पाहिजे आणि बिलही एकच गेलं पाहिजे. गेटवेच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं असतं की तोच इव्हेंट परत येऊ शकतो आणि क्रमाची खात्री नाही, म्हणून हे "क्वचित होणारं" म्हणून सोडायचं नाही. आणि चुकीच्या सहीचा वेबहुक आला तर काहीच झालं नाही पाहिजे.

या चार टेस्ट खऱ्या गेटवेवर करायला गेलात तर दुसरी आणि तिसरी हवी तेव्हा घडवून आणणं फार अवघड. मॉकने टेस्ट स्थिर होते हे खरं, पण माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की जे हवं ते हवं तेव्हा घडवता येतं.

आता मुद्दाम बिघडवा

बाहेरची सर्व्हिस बेभरवशाची आहे ना, मग तो बेभरवसा आपल्या हातात घ्यायचा. नवीन लोक फक्त "५०० (सर्व्हर एरर) आला तर" एवढंच करतात, पण बंद पडायचे प्रकार बरेच आहेत.

एक, लगेच एरर येणं, हे सगळ्यात सोपं. दोन, उत्तर येतं पण खूप उशिरा, आणि हे सगळ्यात घातक, कारण सगळं अडकून बसतं. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला स्वतःहून टाइमआउट नसतो, नोडच्या ॲक्सिऑसमध्ये डिफॉल्ट शून्य म्हणजे नाहीच, त्यामुळे कुरिअर गप्प बसला तर आपला सर्व्हरही गप्प बसतो. तीन, कनेक्शन मधेच तुटणं. चार, २०० (सगळं ठीक) येतो पण आत एचटीएमएलचं मेंटेनन्सचं पान, आपलं कोड जेसन समजून वाचायला जातं आणि कोसळतं. पाच, ४२९, म्हणजे फार वेळा विचारलंत, थांबा.

वायरमॉकमध्ये उशीर, रिकामं उत्तर, कनेक्शन रीसेट, अर्धवट कचरा हे सगळं जेसनमधल्या एका ओळीत लावता येतं. त्यात सिनॅरिओ म्हणून पण एक गोष्ट आहे, पहिल्यांदा विचारलं तर ५०३, दुसऱ्यांदा बरोबर उत्तर, त्याने आपला बॅकएंड खरंच परत प्रयत्न करतो का ते कळतं. आणि संथ नेट दाखवायचं असेल तर शॉपिफायने बनवलेलं टॉक्सिप्रॉक्सी आहे, दोघांच्या मध्ये बसवायचं आणि उशीर, कमी बँडविड्थ, तुटणारं कनेक्शन हवं तसं द्यायचं.

हे कशासाठी तर आषाढीला पंढरपुरात मोबाईल नेटवर्कचं काय होतं ते आपल्या भागात सगळ्यांना माहितीय. तिथला दुकानदार त्याच दिवसात माल मागवतो, बटण दाबतो, काही होत नाही म्हणून परत दाबतो, परत दाबतो. तीन ऑर्डर गेल्या का एक? ही टेस्ट लिहायला ब्राउझर आणि आपल्या सर्व्हरच्या मध्ये टॉक्सिप्रॉक्सी लावा, बटण तीनदा दाबा, डेटाबेसमध्ये ऑर्डर मोजा.

एक व्यावहारिक गोष्ट: प्लेराइटचं एक्स्पेक्ट (अपेक्षित गोष्ट दिसते का ते तपासणारी कमांड) डिफॉल्टने ५ सेकंद थांबतं आणि पूर्ण टेस्ट ३० सेकंद, सायप्रसची कमांड ४ सेकंद. तुमच्या ॲपचा कुरिअरसाठीचा टाइमआउट १० सेकंद असेल तर "कुरिअर गप्प" ही टेस्ट आधीच मरेल. ॲपचा टाइमआउट पण एन्व्हायर्नमेंटमधून घ्या, टेस्टमध्ये १ सेकंद ठेवा आणि मॉकचा उशीर ३ सेकंद. लॉजिक तेच तपासलं जातं, वेळ वाया जात नाही.

थांबायचं कसं

"पाच सेकंद झोप" कुठेही लिहायचं नाही. कमी पडलं तर फेल, जास्त झालं तर सगळं संथ. कशाची वाट बघताय ते लिहा: "ऑर्डर पक्की" हा मजकूर दिसेपर्यंत, मेलपिटमध्ये मेल येईपर्यंत, डेटाबेसमध्ये स्टेटस बदलेपर्यंत दर अर्ध्या सेकंदाला विचारत राहा, वर एक मर्यादा लावून. नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत असाल तर क्लिक करायच्या आधी वाट बघायला लागा, नंतर नाही, नाहीतर उत्तर येऊन गेलेलं असतं.

रिट्राय

फेल झाली की परत चालव, हे सेटिंग सगळ्या टूलमध्ये आहे आणि सगळे पहिलं तेच लावतात. माझं मत स्पष्ट आहे, रिट्राय हा उपाय नाही. समजा तुमच्याच कोडमध्ये खरा बग आहे जो तीनपैकी एकदा दिसतो. दोन रिट्राय लावले तर टेस्ट लाल व्हायला तिन्ही वेळा फेल व्हावी लागते, म्हणजे २७ पैकी एकदा. दुकानदाराला तो तीनातून एकदा भेटणार आणि तुम्हाला २७ पैकी २६ वेळा हिरवं दिसणार. लावायचाच असेल तर एक रिट्राय, पहिल्या रिट्रायला ट्रेस (टेस्टमधल्या पायऱ्यांचं रेकॉर्डिंग) चालू, आणि "रिट्रायने पास" झालेल्यांची यादी आठवड्यातून एकदा कुणीतरी बघायचीच. वरचं मॉकचं काम झाल्यावर ती यादी एकदम छोटी होते, आणि जे उरतं त्यात बऱ्याचदा आपलेच खरे बग सापडतात.

घड्याळ

तेही बाहेरचंच आहे. सीआयची मशीन बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदल्या दिवसाची तारीख असते. "आजची ऑर्डर" वाली टेस्ट रात्रीच का फेल होते ते यातून कळतं. टाइमझोन कॉन्फिगमध्ये पक्का करा आणि तारखेवर अवलंबून टेस्टमध्ये घड्याळ थांबवा, सायप्रस आणि प्लेराइट दोन्हीत सोय आहे, प्लेराइटमध्ये १.४५ पासून. हे पण ब्राउझरचंच घड्याळ आहे, सर्व्हरचं वेगळं सांभाळावं लागतं.

मॉक शिळा होतो

आता या पद्धतीची खरी कमजोरी. कुरिअरवाल्याने उत्तरातलं "डेज" चं नाव बदललं, तुमचा मॉक जुनंच देतोय, सगळं हिरवं आणि लाइव्हवर बंद. मॉक वापरणाऱ्याने हे काम टाळायचं नाही.

त्यासाठी वेगळी, छोटी तपासणी ठेवा जी खऱ्या सर्व्हिसच्या टेस्ट मोडला जाते. यूआय नाही, ब्राउझर नाही, फक्त एपीआय कॉल: आम्ही वापरतो ती फील्ड आहेत का, त्यांचा प्रकार तोच आहे का. नेमकी व्हॅल्यू तपासू नका, दोन दिवसाचे तीन दिवस झाले म्हणून काही मोडलेलं नसतं. प्रत्येक सर्व्हिसला एक-दोन कॉल पुरे. आणि तेच स्कीमा (फील्ड आणि त्यांच्या प्रकारांचा तक्ता) मॉकच्या जेसन फाइललाही लावा, म्हणजे मॉक आणि खरं दोन्ही एकाच मापाने मोजले जातात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

ही तपासणी रात्री चालवा आणि तिच्यामुळे कुणाचं मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडू देऊ नका. गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबची सीआय) वेळ डिफॉल्टने यूटीसीत धरली जाते, आणि तासाच्या सुरुवातीला गर्दीमुळे उशीर होऊ शकतो म्हणून २१:१७ असं काहीतरी द्या, आपल्याकडे पहाटेचे २:४७ होतात. लाल झाली तर सकाळी एका माणसाने बघायचं आणि तीनपैकी एक ठरवायचं: त्यांची सर्व्हिस बंद होती, मग नोंद करून सोडा. त्यांनी फॉरमॅट बदलला, मग मॉक आणि कोड दोन्ही बदला, आजच. किंवा आपली टेस्टची की (चावी) एक्स्पायर झाली, मग नवीन की. इथे रिट्राय लावायला माझी हरकत नाही, कारण इथे आपण आपलं कोड तपासत नाही आहोत.

खरी उत्तरं रेकॉर्ड करून मॉक बनवत असाल, वायरमॉकमध्ये आणि प्लेराइटच्या हार फाइलमध्ये (ब्राउझरच्या रिक्वेस्ट-उत्तरांची नोंद) ती सोय आहे, तर गिटमध्ये टाकायच्या आधी त्यातले टोकन, मोबाईल नंबर, पत्ते, फर्मची नावं काढा. टेस्टच्या रेपोत खऱ्या दुकानदाराची माहिती जाता कामा नये.

सुरुवात कुठून

सगळं एकदम करायला जाऊ नका. आधी नेट काढून यादी. मग ब्राउझरमधलं ॲनालिटिक्स-फॉन्ट वगैरे ॲबॉर्ट, एका दुपारचं काम आहे आणि फरक लगेच दिसतो. मग जी सर्व्हिस सगळ्यात जास्त लाल करते त्या एकीचा मॉक, तिची रात्रीची तपासणी त्याच वेळी, नंतर करू म्हटलं की ती होत नाही. मग पुढची सर्व्हिस. पेमेंटला हात घालताना डेव्हलपरला शेजारी बसवा.

तोपर्यंत ज्या टेस्ट रोज त्रास देतात त्या मुख्य बिल्डमधून बाजूला काढा, वेगळ्या जॉबमध्ये चालू ठेवा, पण डिलीट करू नका आणि नुसतं स्किप लावून सोडू नका. प्रत्येकीवर कमेंट पाहिजे: कुठल्या सर्व्हिसमुळे, कोण बघतंय, कुठल्या तारखेपर्यंत. तारीख उलटून गेली की बिल्ड फेल करणारी छोटी स्क्रिप्ट लावा, दहा-बारा ओळींची होते.